आनंदाचा माउथपीस

प्लास्टिकला मी माझ्या गाळ्यात कधी थारा दिला नाही. पनवेलच्या औद्योगिक वसाहतीत माझं प्लेटिंगचं काम आहे, बत्तीस वर्षं झाली. पितळ आणा, तांबं आणा, लोखंड आणा. निकेल, क्रोम, चांदी, म्हणाल ते वर चढवून देतो. पण प्लास्टिकच्या वस्तूला धातूचा मुलामा द्या म्हणणाऱ्याला मी दारातूनच वाटेला लावायचो. आत एक आणि बाहेर एक, असली सोंगं करायला मी हा धंदा धरलेला नाही, असं वर ऐकवायचो. फार तोरा होता मला. तो मिरवायचा मला काडीचा अधिकार नव्हता, ते पुढे येईलच.

तर या माघात भाविका आली. भाविका म्हणजे आनंदाची नात. आनंदा आणि मी एका गावचे, एका बाकावरचे, आणि एकाच मिठागरात बापाच्या मागे फावडं ओढून मोठे झालेले. ते गाव आता नाही. मिठागरही नाही. दोन्ही विमानतळात गेली आणि गेल्या डिसेंबरपासून तिथून विमानं उडायला लागली. लोक वर बघतात. मी मात्र अजून मनातल्या मनात हिशोब लावतो, की आता चाकं टेकली ती कुणाच्या अंगणात.

भाविका इंजिनिअर झाली. तळोज्याच्या एका कंपनीत थ्रीडी प्रिंटरवर वस्तू बनवते. म्हणजे संगणकावर वस्तूचं चित्र काढायचं आणि मशीन वितळलेल्या प्लास्टिकचे बारीक थर एकावर एक घालत ती वस्तू उभी करतं. ना साचा, ना ओतकाम, ना कानस. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी म्हटलं होतं की यात कारागिरी ती काय राहिली. ती हसली होती. पोर मोठी समजूतदार आहे, म्हाताऱ्यांना लगेच उत्तर देत नाही.

त्या दिवशी तिनं पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्या टेबलावर ठेवली. ट्रंपेटचा माउथपीस, ओठांना लावून फुंकायचा तो भाग. काळा, प्लास्टिकचा, हातात घेतला तर घेतल्यासारखा वाटेना.

"कुमारकाका, हा आजोबांसाठी बनवलाय," ती म्हणाली. तिच्या आजोबाच्या वयाचा मी, पण मला काका. पनवेलमध्ये मी सगळ्यांचाच काका आहे.

"अच्छा? आणि मी काय करू याचं?"

"ऐका तर. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. हळदीला आजोबांनी ट्रंपेट वाजवावं असं मला फार वाटतं. सगळे सांगतात ते काय वाजवायचे, मी जन्मात ऐकलेलं नाही. विचारलं की म्हणतात, दात गेले गो, आता कसलं वाजवतो. मग मी डेंटिस्टकडे नेऊन त्यांच्या कवळीचं आणि ओठांचं माप घेतलं, स्कॅन केलं, आणि त्या मापाची कड बनवली. बघा, एका बाजूला जाड आहे. कवळीवर दाब येत नाही."

मी कड बोटानं चाचपली. खरोखरच एका अंगाला उतरती, दुसऱ्या अंगाला भरलेली होती. आनंदाचा खालचा ओठ डावीकडे किंचित खाली आहे, लहानपणी झाडावरून पडला तेव्हापासून. ते त्या कडेत उतरलं होतं. 

"मग वाजलं का?"

"वाजलं ना! एकच सूर काढला, हसले, आणि ठेवून दिलं. म्हणाले, याला वजन नाय, थंड लागत नाय, ही तर जत्रेतली पिपानी. मग मी ठरवलं, यावर मेटल चढवायचं. त्यांना सांगितलेलं नाही, सरप्राइज आहे. मी वाचलंय सगळं. आधी कॉपर, त्यावर निकेल, आणि—"

"निकेल नाही!"

मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की पलीकडे तारा बांधत बसलेली शकू दचकून उठली. शकू माझ्याकडे पंचवीस वर्षं आहे. टाकीत सोडायची प्रत्येक वस्तू तारेनं तीच बांधते. माझी तोंडाची वाफ तिला सवयीची आहे, पण हे ओरडणं तिलाही नवीन होतं. भाविका तर बावरलीच.

"नाही तर नाही," ती हळूच म्हणाली. "मग काय करायचं?"

"चांदी," मी म्हणालो. "तांब्यावर थेट चांदी. ठेवून जा."

आता मी का ओरडलो ते सांगतो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

आनंदा नवजीवन ब्रास बँडचा ट्रंपेटवाला होता. नुसता वाजवणारा नव्हे, तो असला तर बँड, नाहीतर नुसता गोंगाट. उरणपासून पनवेलपर्यंत गावोगाव सुपारी असायची. त्या काळी आमच्या गावाला धड रस्ता नव्हता. वरात मिठागराच्या बांधावरून यायची, बांध एवढा अरुंद की सगळे एकामागे एक. पुढे लाल कोट घातलेला आनंदा, मागे ढोलवाले, त्यांच्या मागे नवरा, मागे बायका. दोन्ही बाजूंना पाणी आणि मिठाचे पांढरे ढीग. वरात दिसायच्या कितीतरी आधी त्याचा सूर पाण्यावरून यायचा. माझी आय चुलीपुढून म्हणायची, "आनंदा आला बघ." नवरा आला असं कुणी म्हणत नसे. तो एक खास चाल वाजवायचा, वेशीतून आत शिरताना, शेवटाला एक वरचा सूर लांबवत न्यायचा. तो सूर तुटायच्या आत वरात मांडवात पोचली पाहिजे अशी पोरांची शर्यत लागायची. मीही पळालोय. आज या वयात डोळे मिटले की त्या बांधावरच्या ओल्या चिखलाचा वास येतो, आणि मी रडतो. लाज कशाला वाटायची.

साल चौऱ्याण्णव. मी नुकताच प्लेटिंग शिकवणाऱ्या उस्तादांकडून सुटून स्वतःचा गाळा घेतला होता. अंगात नवा मालक संचारला होता. आनंदाच्या माउथपीसवरची चांदी वाजवून वाजवून उडाली होती, आतलं पितळ उघडं पडलेलं, ओठाला हिरवट डाग पडायचे. मी म्हटलं, आण इकडे, तुला चांदीचा मुलामा देतो, माझ्याकडून भेट. तो केवढा खूश झाला. चार दिवसांवर गव्हाणला मोठं लग्न होतं. आणि माझ्याकडे चांदीची टाकी तयारच नव्हती. ज्यात बुडवून चांदी चढते ते पाणी मी अजून आणलं नव्हतं. तसं सांगायला मला कमीपणा वाटला. निकेलची टाकी तेवढी चालू होती. निकेल चढवलं, बफ मारलं, आरशासारखं चकाकलं. चकाकतंय ना, मग झालं, असं मी म्हटलं. आणि त्याच्या हातात ठेवताना सांगितलं, "चांदी हाय रं आनंदा. खास तुझ्यासाठी."

तो महिना संपायच्या आत त्याच्या ओठांवर पुरळ उठलं. मग फोड, मग भेगा. ओठ सुजून एवढाले झाले. मलमं झाली, गोळ्या झाल्या, ओठाला तूप लावून त्यानं तसंच वाजवून हंगाम काढला. कोट लाल आणि रुमालही लाल. त्याची आई रोज मिरच्या ओवाळायची, पोराला नजर लागली म्हणायची. वाजवणं थांबवलं की ओठ भरून यायचे, वाजवायला घेतलं की पुन्हा फुटायचे. दुसऱ्या वर्षी त्यानं लाल कोट बँडमास्तरला परत केला. द्रोणागिरीच्या एका गोदामात गेटवर नोकरी धरली. सत्तावीस वर्षं ट्रेलरचे नंबर लिहिले. ट्रंपेट बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेलं.

मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. तो माझा गुन्हा नाही. पण बारा वर्षांनी एक बाई कानातल्यांचं काम घेऊन आली. माल परदेशी जाणार होता आणि सोबत त्यांचा कागद होता, की मुलाम्यात निकेल अजिबात नको, काही माणसांच्या कातडीला ते सोसत नाही, पुरळ उठतं, फोड येतात, आणि एकदा लागलं की मग पुन्हा पुन्हा उठतं. मी तो कागद उभ्या उभ्या वाचला. मग गाळा शकूवर सोपवून घरी गेलो आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. बायकोला सांगितलं, पित्त झालंय.

तेव्हा मी जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आता त्याला पक्की नोकरी आहे, आता सांगून काय मिळणार, उगाच जखम उकरायची, हे सगळं मी स्वतःला छान समजावलं. भ्यालो होतो, दुसरं काही नाही. आणि तेव्हापासून माझा तोरा वाढला. आत एक बाहेर एक, असलं काम आमच्याकडे होत नाही.

म्हणून भाविका ते काळं प्लास्टिक ठेवून गेली तेव्हा मला वाटलं, देवानंच पाठवली. आनंदाला काही न सांगता, गुपचूप, त्याचं त्याला परत देता येईल. मी एवढा हुरळलो की पहिल्याच पायरीला माती खाल्ली.

आमच्या धंद्यात पहिला नियम म्हणजे धुतल्याशिवाय वस्तू टाकीत सोडायची नाही. धुण्याची टाकी वेगळी असते, त्यात कॉस्टिकचं उकळतं पाणी. त्यात बुडवलं की तेल, बोटांचे डाग, सगळं निघतं. चाळीस वर्षं हात हेच करतोय. हातानं तेच केलं. माउथपीस तारेला अडकवला, गरम पाण्यात सोडला, आणि शकूशी बोलत उभा राहिलो. बाहेर काढला तर तो मान टाकून तारेवर लोंबत होता. कड पसरली होती, भोक मिटलं होतं.

शकूनं वाकून बघितलं. "भाऊ, ह्ये काय शिजवलंत?"

"गप बस."

"नाय, जेवाला कोन येनार हाय का इचारते."

भाविकाला फोन केला. वाटलं चिडेल, तर ती खो-खो हसायला लागली. म्हणाली, "काका, ते पीएलए होतं, मक्यापासून बनतं ते. साठ डिग्रीला मऊ पडतं. माझीच चूक, सांगायला हवं होतं."

मका! चाळीस वर्षं पितळ घासलेल्या माणसानं मका उकडला होता. मी फोन ठेवला आणि शकूच्या तोंडाकडे न बघता बफिंगच्या मशीनवर जाऊन बसलो.

दोन दिवसांनी तिनं नवीन बनवून आणला, या वेळी उन्हाला आणि उष्णतेला दाद न देणाऱ्या रेझिनचा. राखाडी, काचेसारखा गुळगुळीत. एक नाही, तीन आणले. "तुमच्यासाठी दोन जास्तीचे," म्हणाली. मी तिन्ही घेतले.

प्लास्टिकमधून वीज जात नाही आणि वीज गेल्याशिवाय धातू बसत नाही. ही खरी अडचण. पण तिचा तोडगा मला माझ्या उस्तादांनी विसाव्या वर्षीच दाखवला होता, फक्त मी तो विसरून बसलो होतो. त्यांनी एकदा जांभळीचं पान आणलं, त्यावर लाख लावली, पेन्सिलीतलं शिसं कुटून त्याची पूड कुंच्यानं पानावर सारवली आणि पान तांब्याच्या टाकीत सोडलं. संध्याकाळी बाहेर काढलं तेव्हा शिरा न् शिरा तांब्याची झाली होती. उस्ताद म्हणाले होते, "बेटा, धातू किसी से नफरत नहीं करता. उसको बस रास्ता दिखाना पडता है." ते पान किती तरी वर्षं त्यांच्या गल्ल्याजवळ भिंतीला होतं. उस्ताद गेल्यावर कुणी नेलं कोण जाणे. प्लास्टिकला दारातून हाकलताना मला ते पान एकदाही आठवलं नव्हतं.

आता पूड कुटायची गरज नाही, तयार ग्राफाइटचा रंग मिळतो. तो मी बारीक कुंच्यानं लावला, कड, बाहेरचं अंग, आतलं भोक. कोपर टेबलाला टेकवून लावला. शकूनं तार बांधली. या वेळी थंड पाण्यानंच धुतला, आणि तांब्याच्या निळ्या पाण्यात सोडला. वीज अगदी कमी ठेवली. पहिल्या तासाला फक्त तारेभोवती गुलाबी डाग दिसला. मग तो डाग हळूहळू पसरत गेला, दुपारपर्यंत सगळं अंग झाकलं. भोकाच्या आत मात्र काळंच. अरुंद जागेत तांबं जायला बघत नाही. मग भोकाच्या बरोबर मधून, कुठेही न टेकणारी एक तांब्याची बारीक तार ओवली आणि तिलाही वीज जोडली. पहिल्या खेपेला ती टेकली, ठिणगी उडाली आणि एक माउथपीस वाया गेला. दुसऱ्याला जमलं. आनंदाला वजन हवं होतं म्हणून मी तो दोन दिवस तांब्यात ठेवला. दर थोड्या वेळानं काढून तळहातावर तोलायचो. शकू म्हणाली, "लेकरू न्हाऊ घालतंव जसा."

मग चांदी. निकेलची टाकी वाटेतच लागते. सवयीनं तांब्यानंतर पाय तिथेच वळतात. मी मुद्दाम पलीकडच्या बाजूनं फिरून गेलो.

रविवारी सकाळी भाविका मला गाडीत घालून विचुंब्याला घेऊन गेली. गाव उठल्यावर आनंदाच्या मुलानं तिथे रो-हाउस घेतलंय. घरातली सगळी लग्नाच्या खरेदीला गेली होती. आनंदा एकटाच पेपर वाचत बसला होता. भाविकानं आतून ट्रंपेट आणलं. तिनं ते आधीच दुकानातून दुरुस्त करून, तेलपाणी करून आणलं होतं. तिनं मला खूण केली. मी खिशातून डबी काढली आणि आनंदाच्या पुढ्यात धरली.

त्यानं झाकण उघडलं. बराच वेळ बघितलं. उचलून तळहातावर तोललं, अगदी मी तोलायचो तसं. कडेवरून अंगठा फिरवला. आणि परत डबीत ठेवून झाकण लावलं.

"धातू हाय," तो म्हणाला. "मना नको."

"आजोबा, तुम्हीच म्हणालात ना, वजन नाही, थंड लागत नाही?" भाविका म्हणाली.

"बोललो. बोलायचं म्हून बोललो. माजा ओठच नासका हाय गो. धातू लागला का फुटतो. दातांचं काय, त्ये निमित्त."

हे तिला नवीन होतं. ती माझ्याकडे बघायला लागली.

"पण ही शुद्ध चांदी आहे," ती म्हणाली. "काकांनी निकेल लावूच दिलं नाही. चांदीनं काही होत नाही, काका निकेलवर ओरडले तेव्हाच मी डॉक्टरांना विचारलं."

आनंदा हसला. रागानं नव्हे, लहान पोराला समजवावं तसं. "तवा पन चांदीच होती. ह्या कुमारनीच चरवून दिली होती. इचार त्याला. येवरी चांगली चांदी, पन माज्या नशिबात नव्हती. त्यात त्याचा काय दोस?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. मला कळून चुकलं, गुपचूप काही परत देता येणार नव्हतं. ती डबी उघडायची तर एकाच गोष्टीनं उघडणार होती, आणि ती माझ्याकडे होती. मी गप्प राहिलो असतो तर कुणालाच काही कळलं नसतं. आनंदानं माझा पाहुणचार केला असता, भाविकानं डबी आठवण म्हणून ठेवली असती, आणि त्यानं आपला ओठ नासका समजून उरलेलं आयुष्य काढलं असतं.

"आनंदा," मी म्हणालो, "ती चांदी नव्हती."

"क्काय?"

"निकेल होतं. माझ्याकडं चांदी नव्हती तवा. मी खोटं बोललो. तुझा ओठ चांगलाच हाय. निकेल सोसत नाय त्याला, बस. चांदीनं काय होनार नाय."

एक विमान घरावरून गेलं. 

"कवा समजलं तुला?" त्यानं विचारलं.

इथेही मला पळता आलं असतं. "परवा," म्हटलं असतं तर खपलं असतं. "वीस वर्सं झाली," मी म्हणालो.

आनंदा उठून खिडकीशी गेला. पाठमोराच बोलत होता. "सगल्या गावांना सांगत फिरलो मी. गव्हानला, उलव्याला, जासईला. माज्या मैतरानं चांदीचं बनवून दिलं. ओठातून रगत यायचं तरी बदलला नाय, म्हटलं मैतराची भेट हाय. दुसरा कुनाचा पितलेचा घातला असता, तर..." तो थांबला. "माजी आय मिरच्या ओवालता ओवालता मेली रं."

मी हात जोडले. त्याला दिसले नाहीत, त्याची पाठ होती.

"तू भाईर जा," तो म्हणाला.

मी चपला घातल्या आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. भाविका आतच राहिली. गाडी तिची होती, आणि रिक्षा नाक्याशिवाय मिळत नाही.  समोरच्या घरातली बाई कुंड्यांना पाणी घालत होती, तिनं विचारलं, "कुणी नाही का घरात?" मी म्हटलं, "आहेत." ती चमत्कारिक नजरेनं बघून आत गेली.

किती वेळ गेला ठाऊक नाही. ऊन पायरीवरून माझ्या गुडघ्यावर आलं होतं. मग आतून डबीच्या झाकणाचा आवाज आला.  मग एक फुसका, हवेचा आवाज. पुन्हा एकदा. आणि मग सूर आला.

तीच चाल. वेशीतून आत शिरतानाची. आनंदा आला बघ, असं माझ्या आयच्या आवाजात मला ऐकू आलं, शप्पत घेऊन सांगतो. मी तोंडावर रुमाल धरला. सूर कापत होता, मधेच वारा सुटत होता, पण चाल तीच होती, वळणं तीच. कुंड्यांवाली बाई परत बाहेर आली. वरच्या गॅलरीत दोन पोरं येऊन उभी राहिली. चाल शेवटाला आली, तो वरचा सूर त्यानं घेतला, आणि तो फाटला. त्यानं परत घेतला. परत फाटला. तिसऱ्यांदाही. मग सगळं बंद झालं.

दार उघडून भाविका बाहेर आली. तिचे डोळे लाल झाले होते. माझ्यावर रागावलेली होती, ते दिसत होतं, आणि तरी ती काहीतरी मागायलाच आली होती.

"आजोबांनी विचारलंय," ती म्हणाली, "वरचा सूर फाटतोय तो माउथपीसमुळे की त्यांच्यामुळे? खरं सांग म्हणाले."

मग आवाज एकदम खाली आणून ती म्हणाली, "काका, माउथपीसमुळे म्हणा ना. नाहीतर ते परत ठेवून देतील. मी दुसरा बनवेन, तोवर त्यांची उमेद तरी राहील."

आतून काही हालचाल ऐकू येत नव्हती. तो कान देऊन बसला असणार. माउथपीसमध्ये दोष असता तर मला तो तिथेच बसून कळला असता, खालचे सूरही धड लागले नसते. काम चोख झालं होतं. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चोख काम होतं ते. ते खराब झालं म्हणायला मला काहीच लागलं नसतं. त्याला बरं वाटलं असतं, पोरीला बरं वाटलं असतं, आणि मलाही मोठेपणा मिळाला असता.

"त्याला सांग," मी त्याला आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, "माउथपीस बरोबर हाय. दम कमी पडतोय त्याचा. तीस वर्सं फुंकला नाय, गाल सुटलेत. रोज सकाल-संध्याकाल तासभर खालच्याच सुरांवर बसावं लागंल. हलदीला अठरा दिवस हायत. वरचा सूर येईलच असं नाय. आला तर शेवटच्या दिवशी येईल."

भाविका माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली.

आतून आनंदाचा आवाज आला. त्यानं मला एक शिवी हासडली, गावातली, मिठागरातली, जी मी गाव उठल्यापासून कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. मग दुसरी. मग तो खोकला, थुंकला, आणि त्यानं ट्रंपेट तोंडाला लावलं. वरच्या सुराच्या वाटेला तो गेला नाही. सगळ्यात खालचा सूर धरला, एकच, आणि दम संपेस्तोवर लांबवला. थांबून परत तोच.

मी पायरीवरून उठलो नाही. त्यानं मला आत बोलावलं नव्हतं, पण घरी जा असंही म्हटलेलं नव्हतं.